आपल्या कंपाउंडातले गवई

(रौप्यमहोत्सवी वर्षात, प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत. बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यामुळे वेळेवर काउंटर बंद करायची सवय आहे. उपमा गार होऊ देणार नाही.

नोटीस बोर्डावर विषय 'पक्षीनिरीक्षण' असा लिहिला आहे. तो मी जरा आवळून घेतो. भिगवणचे रोहित, ताडोबा, भरतपूर हे सगळं बाजूला ठेवू. त्यासाठी गाडी काढावी लागते, हॉटेल बुक करावं लागतं. मी बोलणार आहे ते ए विंगच्या गेटपासून मागच्या पंपरूमपर्यंतच्या जागेत जे पक्षी गातात त्यांच्याबद्दल. तेही रोजचे, साधे. दुर्मीळ पक्षी दिसला की माणूस फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो आणि विसरतो. ओळख होते ती रोजच्यांशीच.

आपण ताबा घेतला तेव्हा इथे काय होतं ते जुन्या सभासदांना आठवत असेल. टेकडीच्या बाजूला नुसता मुरूम, पत्र्याची शेड आणि बिल्डरने उरवलेला खडीचा ढीग. पक्षी म्हणजे कावळे, चिमण्या आणि तारेवर बसणारा कोतवाल. मग आपण वर्गणी काढून झाडं लावली. कडुनिंब, पांगारा, शेवगा, कुंपणाला जास्वंद आणि कण्हेर. झाडं लावताना सावलीचा विचार होता, पक्ष्यांचा कोणाच्याही मनात नव्हता. ते आपले आपण आले.

आता मुळात गाणारा पक्षी म्हणजे कोण? शास्त्रज्ञांची व्याख्या ऐकलीत तर तुम्ही हसाल. त्यांच्या हिशेबात कावळा हा गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात येतो, आणि कोकिळ येत नाही! कारण ही विभागणी गोडव्यावर नाही, घशाच्या रचनेवर आहे. पक्ष्याचा आवाजाचा अवयव आपल्यासारखा गळ्यात वर नसतो. श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथे, पार खाली छातीत असतो. गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात त्याचे स्नायू फार गुंतागुंतीचे असतात, आणि दोन्ही फाट्यांवर वेगवेगळा ताबा ठेवता येतो. म्हणजे एकाच वेळी दोन सूर. कावळ्याकडे हे सामान आहे, फक्त तो ते वापरतो आपल्या पद्धतीने.

दुसरा फरक मला जास्त आवडतो. या गटातली पिलं गाणं ऐकून शिकतात. लहान मूल आधी बडबडतं, मग बोबडं बोलतं, मग नीट बोलतं, तसंच. कोकिळाचं पिलू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, कावळीण त्याला भरवते, कानावर दिवसभर कावकाव पडते, तरी मोठं झाल्यावर ते 'कुहू'च म्हणतं. ते शिकावं लागत नाही, जन्मजात असतं. आणि हो, कुहूकुहू करतो तो नर. मादी ठिपकेवाली, ती नुसतं 'किक् किक् किक्' करते. आपल्या कवितांत कोकिळा गाते ते राहू दे, त्यात बदल सुचवायला मी आलेलो नाही. गोड वाटतं, तेवढं पुरे.

माझी मुख्य गोष्ट आहे दयाळ पक्ष्याची. काळा-पांढरा, बुलबुलाएवढा, शेपटी वर उभी. मादी काळ्याच्या जागी राखाडी. बांगलादेशाचा हा राष्ट्रीय पक्षी. ते त्याला 'दोयेल' म्हणतात, पूर्वी नोटेवरही छापायचे. बँकवाल्याला अशा गोष्टी लक्षात राहतात. आपल्याकडे सी विंगच्या मागे एक जोडी आहे. आत्ता जानेवारीत तो गप्प आहे. फार तर कुंडीमागून 'चर्र' करून रागावेल. पण होळीच्या सुमारास तो टीव्हीच्या जुन्या अँटेनावर चढेल आणि पहाटे पाचला सुरुवात करेल.

त्याबद्दल गेल्या वर्षी तक्रारही आली होती हे मला माहीत आहे. एका सभासदांनी मला लिफ्टमध्ये विचारलं, "काका, तुमचा तो पक्षी सहानंतर गाऊ शकत नाही का?" मी म्हटलं, सहानंतर पाण्याचे पंप सुरू होतात, दुधाच्या गाड्या येतात, स्कूल बसचे हॉर्न वाजतात, त्याचं ऐकणार कोण? हे मी गमतीत म्हटलं, पण त्यात तथ्य आहे. पहाटे हवा स्थिर असते, आवाज लांब जातो, आणि किडे दिसण्याइतका उजेड नसल्याने पोटापाण्याचा उद्योगही सुरू झालेला नसतो. पक्ष्यांना आपल्या गोंगाटाची दखल घ्यावी लागते, हे मोजलेलंही आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात टिट नावाच्या छोट्या पक्ष्यांचा अभ्यास झाला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. जिथे रहदारीचा आवाज जास्त, तिथले पक्षी आपल्या गाण्यातला खालचा सूर वर चढवून गातात असं आढळलं. रहदारीची घरघर खालच्या पट्टीत असते, तिच्यात आपला सूर बुडू नये म्हणून.

दयाळाचं गाणं ओळखायचं कसं? इथे मला माझा जुना धंदा उपयोगी पडला. चेक पास करताना आम्ही सही पडताळायचो. एकाच माणसाच्या दोन सह्या कधीही तंतोतंत सारख्या नसतात. अगदी सारख्या असल्या तर उलट संशय येतो! आम्ही बघायचो तो हाताचा ओघ: सुरुवात कुठून, वळण कसं, शेवटचा फराटा कुठे सुटतो. दयाळ तसाच ऐकावा. तो रोज तेच गात नाही. शिट्ट्यांची एक लहर, मग थांबणार, मग दुसरी, मध्येच बुलबुलाचा किंवा शिंप्याचा तुकडा उचलून घालणार. नक्कल करण्यात तो पटाईत आहे. पण थांबण्याची लय त्याची स्वतःची. दोन लहरींच्या मधली जागा ऐकायला लागलात की दयाळ कळला.

जाता जाता एक हकिगत सांगतो. दयाळाचा एक चुलत भाऊ आहे, शामा. सह्याद्रीच्या दाट जंगलात राहतो, गाण्यात दयाळाच्याही पुढे. १८८९ साली जर्मनीत फ्रँकफर्टला लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यावर, पिंजऱ्यातल्या एका पक्ष्याचा आवाज उतरवून घेतला. पक्ष्याच्या गाण्याचं आज उपलब्ध असलेलं हे सगळ्यात जुनं ध्वनिमुद्रण समजतात. तो पक्षी शामा होता. युरोपात एवढे गाणारे पक्षी असताना पहिला मान मिळाला तो आपल्या बाजूच्या पक्ष्याला. त्या मुलाने पुढे आयुष्यभर हेच काम केलं. मागच्या रांगेने आठ वर्षं हा आकडा लक्षात ठेवावा.

बाकीच्यांची ओळख भराभर करून देतो. कुंपणात 'टुविट टुविट टुविट' असं कानठळ्या बसवणारं कोणी ओरडत असेल तर तो शिंपी. अंगठ्याएवढा जीव, आणि आवाज पंपाच्या मोटारीएवढा. पानांना भोकं पाडून, कोळ्याचं जाळं किंवा कापूस ओवून पानं शिवतो आणि आत घरटं करतो. जास्वंदीत खालच्या बाजूला हलणारा, शेपटी उभी करणारा राखी वटवट्या. नावातच सगळं आलं. लालबुड्या बुलबुल तर कोणाच्याही गॅलरीतल्या कुंडीत घरटं घालतो, त्याला तुमची परवानगी लागत नाही. तांबट दिसत नाही, पण उन्हाळ्यात दुपारभर भांडी ठोकत असतो. शास्त्रीय अर्थाने तोही गवई नव्हे, ठोक्याचा माणूस. आणि पावसाच्या तोंडावर टेकडीकडून 'पेरते व्हा' ऐकू येतं तो पावशा. शेतकऱ्याला त्यात निरोप ऐकू येतो, आणि आपल्याला छत्र्या कुठे ठेवल्या त्याची आठवण.

सूर्यपक्ष्याला, म्हणजे शिंजिराला, मात्र मी वेळ देणार. त्याच्यापाशी माझी स्वतःची एक अडचण आहे. जांभळा शिंजीर पांगाऱ्यावर येतो. नर विणीच्या काळात काळा-निळा चमकतो, आणि नंतर तो साज उतरवून मादीसारखा पिवळट होतो, गळ्यावर एक काळी रेघ तेवढी शिल्लक ठेवतो. आत्ता बघाल तर अर्धे रंगलेले नर दिसतील, दिवाळीच्या रंगकामात मध्येच सोडलेल्या भिंतीसारखे. त्याचा आवाज बारीक आणि उंच पट्टीतला. तीनेक वर्षांपूर्वी आमच्या सौ. म्हणाल्या, "तो बघा, केव्हाचा ओरडतोय." मी बघितलं. चोच उघडत होती, मिटत होती, मान हलत होती. माझ्या कानापर्यंत काही नाही.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला. डावीकडे, म्हणजे खालच्या पट्टीला, रेघ ठीक; उजवीकडे उंच पट्टीला सरळ उतरलेली. त्यांनी सांगितलं, वयानुसार उंच सूर आधी जातात. कानाच्या आत ज्या सूक्ष्म केसाळ पेशी असतात त्या एकदा गेल्या की माणसात परत येत नाहीत. यातली गंमत, किंवा खोच म्हणा, अशी की पक्ष्यांत त्या परत येतात. १९८८ साली हे सिद्ध झालं. पक्ष्याचा कान बिघडला तर त्या पेशी पुन्हा उगवतात आणि त्याला पुन्हा ऐकू येतं. ज्याचं गाणं मला ऐकू येईना, त्याला स्वतःला ही सोय आहे.

आता मी श्रवणयंत्र लावतो. त्याने फरक पडतो, पण सगळं परत येत नाही. चष्मा लावल्यावर जसं दिसतं तसं यंत्र लावल्यावर ऐकू येईल, ही समजूत कोणी ठेवू नये. पण माझी वही मला बंद करायची नव्हती. रोज सकाळी अर्धा तास, काय ऐकलं, काय दिसलं, किती वाजता, अशी ती आहे. लेजर म्हणा हवं तर. मग नातीने फोनमध्ये 'मर्लिन' नावाचं ॲप घालून दिलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं आहे, फुकट आहे. फोन हातात धरला की आवाजाचं चित्र पडद्यावर सरकत जातं. पांगाऱ्याखाली उभं राहून मी बघतो, तर पडद्यावर वरच्या बाजूला रेघा उमटत असतात आणि माझ्या कानात शांतता. नऊ वर्षांची नात शेजारी उभी राहून बोटाने दाखवते, "आजोबा, आत्ता. आत्ता परत." गेली दोन वर्षं माझ्या वहीतल्या शिंजिराच्या नोंदी तिच्या सहीने होतात. ती सुट्टीपुरती येते, तेव्हा बाकीचे महिने तो रकाना रिकामा आहे.

ॲपबद्दल एक सावधगिरीची सूचना. ते चांगलं आहे, पण दयाळाने शिंप्याची नक्कल केली तर ते फसू शकतं. नोट मोजायचं यंत्र ठीक म्हणालं तरी आमचा कॅशियर बोटांनी चाचपून बघायचा. तसं, ॲपने नाव सांगितलं तरी पक्षी डोळ्यांनी बघितल्याशिवाय नोंद करू नका. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं: फोनवर दयाळाचं गाणं वाजवून त्याला जवळ बोलावू नका. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. मग तो खाणंपिणं, पिलं, सगळं सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूशी भांडत बसतो. आपली दोन मिनिटांची करमणूक होते, त्याची सकाळ जाते.

पार्किंगमधला प्रश्नही हाच आहे. गाडीच्या आरशावर चोची मारणारा पक्षी वेडा नाही. आरशात त्याला दुसरा नर दिसतो. आरसा घाण होतो हे खरं. उपाय दोन रुपयांचा आहे: गाडी लावली की आरशावर जुना मोजा चढवा. मी माझ्या स्कूटरवर चढवतो. हसतात लोक, हसू द्या.

फोटोंबद्दल बरेच जण विचारतात. माझ्याकडे निकॉनचा पी नऊशे आहे, मोठ्या झूमचा. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली ती एकच चैन. पण कॅमेऱ्यापेक्षा ऊन महत्त्वाचं. सकाळी सात ते नऊ, सूर्य आपल्या पाठीशी. आणि पक्षी ज्या उंचीवर त्या उंचीवर आपण. चौथ्या मजल्यावरच्या सभासदांना पांगाऱ्याचा शेंडा समोर मिळतो, त्यांनी या भाग्याचा उपयोग करावा. दयाळाचा फोटो काढणं अवघड, कारण त्याच्या अंगावर काळं आणि पांढरं शेजारी. कॅमेरा काळ्याकडे बघून उजेड वाढवतो आणि पांढरा पट्टा जळून जातो. उजेड अर्धा टप्पा कमी करायचा, पांढरं सांभाळायचं, काळ्यातलं नंतर थोडं वर काढता येतं. फ्लॅश नको. आणि घरट्याचा फोटो नको, अगदी फोनवरसुद्धा नको. फांदी बाजूला करून आपण फोटो घेतो आणि निघून जातो, फांदी तशीच राहते. मग कावळ्याला ते घरटं सापडायला वेळ लागत नाही. पक्ष्यांच्या छायाचित्रांच्या बऱ्याच स्पर्धा आता घरट्याचे फोटो घेतच नाहीत.

आता मी ज्यासाठी आज उभा राहायला कबूल झालो त्या मुद्द्यावर येतो. समितीचं लक्ष असू द्यावं.

रौप्यमहोत्सवानिमित्त इमारतींना बाहेरून रंग लागणार आहे. उत्तम गोष्ट आहे. ठेकेदाराने मार्च ते मे अशी मुदत दिली आहे. त्याच्या दृष्टीने बरोबर आहे, पावसाआधी काम संपलं पाहिजे. परांची बांधायची, भेगा आणि भोकं बुजवायची, आणि परांचीला जागा म्हणून मागचं जास्वंदीचं कुंपण बुंध्यापर्यंत छाटायचं, असं कोटेशनमध्ये आहे. मी ते वाचलं आहे, जुनी खोड. पण मार्च ते मे हाच या सगळ्यांच्या विणीचा काळ. सी विंगच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर, जुन्या एसीच्या पाइपासाठी पाडलेलं एक भोक आहे. तो एसी काढला, भोक राहिलं. गेली चार वर्षं दयाळाची जोडी त्यात घरटं करते. दयाळ स्वतः भोक पाडू शकत नाही. झाडाची ढोली किंवा भिंतीतली अशी जागा त्याला आयती लागते. आपल्या पंचवीस वर्षांच्या झाडांना अजून ढोल्या झालेल्या नाहीत. तेव्हा कंपाउंडात त्याचा पत्ता तो एकच आहे.

रंग नको असं मी म्हणत नाही. माझ्या स्वतःच्या बेडरूमला ओल आहे, मलाही रंग हवा आहे. माझं म्हणणं एवढंच: काम सी विंगपासून सुरू करण्याऐवजी ए विंगपासून सुरू करावं, आणि सी विंगची मागची भिंत शेवटी घ्यावी. अंडी घातल्यापासून पिलं उडेपर्यंत साधारण महिनाभराची गोष्ट असते. भोक बुजवायच्या आधी कोणीतरी सांगावं की ते रिकामं आहे. ते काम मी करीन, खाली खुर्ची टाकून बसेन. रंग पुरा झाल्यावर भोक बुजवायचंच असेल तर शेजारच्या झाडावर लाकडी पेटी लावू. दयाळ अशा पेटीत राहायला येतो. कुंपण छाटायचं ते आत्ता, फेब्रुवारी लागायच्या आत छाटा, आणि बुंध्यापर्यंत नको, कमरेएवढं ठेवा. शिंपी आणि वटवट्या तेवढ्यावर भागवतील. इथून पुढे दरवर्षीची छाटणी नोव्हेंबर ते जानेवारीत ठेवावी. वादळात पडेल अशी धोक्याची फांदी कधीही काढावी, त्याला कोणाचा विरोध नाही.

कोणी कायद्याचं विचारलं म्हणून सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच धरलेलं आहे. आणि झाड तोडायचं तर १९७५ च्या राज्याच्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते. पण आपसात कायदा काढायची वेळ येऊ नये. शेवग्यावर पावसाळ्यात सुरवंट होतात म्हणून तो तोडावा असाही एक अर्ज आहे. सुरवंटाने अंगाला खाज सुटते, अर्जदारांचं म्हणणं खोटं नाही. मात्र केसाळ सुरवंट बहुतेक पक्षी टाळतात, आणि ते आवडीने खातो तो नेमका पावशा आणि त्याचे भाऊबंद. मला विचाराल तर पार्किंगवर येणाऱ्या दोन फांद्या काढाव्यात आणि झाड ठेवावं. समिती काय तो निर्णय घेईल.

माझा ठराव मी लेखी दिला आहे, अनुमोदक मिळाले आहेत. पुढच्या रविवारी समितीची बैठक आहे, तिथे तो यावा एवढी विनंती.

आणि त्याच रविवारी सकाळी पावणेसातला मी पंपरूमपाशी उभा असेन. या दिवसांत उजाडायला सात वाजतात, तेव्हा फार लवकर नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर जगभर चार दिवस परसातल्या पक्ष्यांची गणना होते, पंधरा मिनिटं मोजलं तरी नोंद घेतात. आपल्या सोसायटीची नोंद त्यात जावी असं मनात आहे. त्यासाठी मला मुलं हवी आहेत, ज्यांना शिंजीर ऐकू येतो अशी. शनिवारी संध्याकाळपर्यंत वॉचमनच्या टेबलावरच्या वहीत नावं लिहावीत. दुर्बिणी दोनच आहेत, त्या आधी मुलांना. मोठ्यांनी येताना पाण्याची बाटली आणावी आणि फोन सायलेंटवर ठेवावा.